आधीच बोलून ठेवलेलं बरं

लातूरला जून महिन्यात ट्युशन एरियाच्या गल्ल्यांतून चक्कर मारलीत तर जागोजागी छोटा हत्ती टेम्पो उभा दिसतो, त्यात गाद्या, कूलर, शेगडी, पुस्तकांची खोकी, आणि पुढं ड्रायव्हरच्या शेजारी एक आई आणि अकरावीला आलेलं लेकरू. नांदेड, परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव, सोलापूर, कुठून कुठून येतात. वडील गावाकडं शेती नाहीतर दुकान नाहीतर नोकरी बघतात आणि आई दोन वर्षं लेकरासोबत खोली करून राहते. मीही राहिले. लेकीच्या नीटसाठी, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेसाठी, 2023 च्या जूनपासून 2025 च्या जूनपर्यंत. गाव आमचं परभणी जिल्ह्यात, ह्यांचं खत-बियाण्याचं दुकान आहे, धाकटा तेव्हा सातवीत होता, तो ह्यांच्याजवळ आणि सासूबाईंजवळ राहिला.

आता मला ओळखीच्या, ओळखीच्यांच्या ओळखीच्या बायकांचे फोन येतात. कुठला क्लास लावला, कुठली टेस्ट सिरीज, रँकर बॅचला घालावं का, मेस बरी की घरचा डबा. डब्याचं मी सांगते, खोलीचं सांगते, क्लासचं सांगत नाही, कारण एकाच क्लासमधून एक पोरगी एम्सला जाते आणि तिच्या शेजारी बसलेली रिपीट करते, म्हणजे वर्षभर थांबून परत नीट देते, त्यात क्लासचा हात किती आणि पोरीचा किती हे मला काही कळलेलं नाही. मला जे कळलं ते वेगळंच आहे, आणि ते फोनवर नीट सांगता येत नाही, लांबतं. म्हणून इथं लिहून काढते.

माझी लेक नीटच्या पेपरला घाबरत नव्हती. खरंच नव्हती. ती घाबरायची पेपरच्या नंतरच्या दिवसाला. नंबर नाही लागला तर घरात काय होईल, पप्पा काय म्हणतील, दोन वर्षांचा खर्च, मम्मी इथं एकटी राहिली, आजीला कोण बघत होतं, हे सगळं तिच्या डोक्यात चालायचं आणि तोंडातून एक शब्द नाही. आणि माझा अंदाज असा आहे की ट्युशन एरियातल्या निम्म्याच्या वर पोरांचं असंच असतं. पुस्तकातलं सगळं त्यांना कुणी ना कुणी समजावून सांगतं, पण घरचं कुणी सांगत नाही.

मला हे कळलं ते 2024 च्या निकालानंतर. तेव्हा ती अकरावी संपवून बारावीला गेली होती, म्हणजे तिचा काही संबंध नव्हता त्या वर्षाच्या परीक्षेशी. पण त्या वर्षी काय झालं ते आठवत असेल सगळ्यांना. 4 जूनला, लोकसभेच्या निकालाच्याच दिवशी नीटचाही निकाल लावला, 67 पोरांना 720 पैकी 720, मग कळलं 1563 जणांना ग्रेस मार्क दिलेत, मग त्या पोरांची 23 जूनला फेरपरीक्षा, मग पेपर फुटल्याच्या बातम्या, बिहार, झारखंड, गुजरात, आणि तपासाचे धागे येऊन पोचले थेट लातूरपर्यंत. सुप्रीम कोर्टानं जुलैत सांगितलं की परीक्षा रद्द होणार नाही. ह्या सगळ्या दोन महिन्यांत अभ्यासिकेत, मेसमध्ये, रिक्षात दुसरा विषयच नव्हता. सव्वासहाशे मार्क पडूनही सरकारी एमबीबीएस हुकलेली पोरं खोल्या सोडून निघाली होती. एका रात्री भांडी घासताना ही माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मम्मी, मी सगळं बरोबर केलं आणि तरी नाही झालं, तर?"

मी म्हणाले, "होईल गं." सगळ्याच आया हेच म्हणतात. आणि तिच्या तोंडाकडं बघितल्यावर कळलं की तिला हे उत्तर नकोच होतं, तिला "तर" च्या पुढचं वाक्य पाहिजे होतं.

ह्यांना फोनवर सांगितलं. ते दोन-तीन दिवस काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, दिवाळीला घरी आली की बसू. दुकानदार माणूस, कागदावर मांडल्याशिवाय बोलत नाही. आणि खरंच, लक्ष्मीपूजन झाल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं आणि सासूबाई, असे बसलो. ह्यांनी वही आणली. पहिल्या पानावर आतापर्यंतचा खर्च लिहिला, क्लासची फी, खोलीभाडं, डबा, पुस्तकं, बस, सगळं. मला मनातून धास्ती होती, लेकराला हा आकडा कशाला दाखवायचा, दडपण येईल. पण ह्यांचं म्हणणं असं की तिला आकडा माहीत नाही म्हणून ती मनात मोठा धरून बसलीय. आणि तसंच निघालं. ती म्हणाली, "एवढाच? मला वाटलं शेत गहाण ठेवलंय." मग ह्यांनी सांगितलं की हा आकडा आजच्या नंतर ह्या घरात कुणीही काढणार नाही, भांडणात नाही, चेष्टेत नाही, पाहुण्यांसमोर तर नाहीच. आणि कुणी काढला नाही. माझं म्हणणं आहे की पैशाचं लेकरांना एकदा स्पष्ट सांगावं आणि मग तोंड बंद ठेवावं. घरोघरी उलटं चालतं, स्पष्ट कधी सांगत नाहीत आणि टोमणा मात्र दर आठवड्याला.

दुसऱ्या पानावर पुढचे रस्ते. पहिला, सरकारी एमबीबीएस. दुसरा, प्रायव्हेट एमबीबीएस पण कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच, कारण 2024 च्या जुलैत शासनानं निर्णय काढला की ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएसच्या मुलींना आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ, पण ती कॅपमधून गेलं तरच, मॅनेजमेंट कोट्याला नाही. मॅनेजमेंट कोटा ह्यांनी तिथंच काट मारून टाकला. म्हणाले, "बाई, तेवढे पैसे आपल्याकडं नाहीत आणि त्यासाठी जमीन विकायची नाही. हे आज सांगतो, म्हणजे निकालाच्या दिवशी तुझ्या मनात येणार नाही की पप्पांनी करायला पाहिजे होतं." मला ऐकताना कसंतरी झालं, पण पोरीच्या चेहऱ्यावरचा ताण तिथंच सैल झालेला मी बघितला. तिसरा रस्ता बीएएमएस म्हणजे आयुर्वेद, चौथा बीडीएस म्हणजे दातांचा डॉक्टर, मग राज्याच्या सीईटी परीक्षेवरून बी फार्मसी, बीएस्सी ॲग्री, नर्सिंग.

आणि ती म्हणाली, "पप्पा, दोन नंबरला व्हेटर्नरी लिहा."

आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं. सासूबाईंच्या दोन म्हशी आहेत, त्यातली एक अडली होती तेव्हा रात्री डॉक्टर आलेले आणि ही आठवी-नववीतली पोर बॅटरी धरून त्यांच्याजवळ उभी होती, एवढं मला आठवतं. पण तिनं हे मनात धरलंय, त्या डॉक्टरला नंतर जाऊन विचारलंय की तुम्ही काय शिकलात, कुठं शिकलात, ते तेव्हा पहिल्यांदा कळलं. दीड वर्ष एका खोलीत राहून मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "मी बोलले असते तर तुम्हाला वाटलं असतं मी आत्तापासूनच हार मानायली." सासूबाई म्हणाल्या, "अगं, जनावराचा डॉक्टर गावात यायला लई वेळ लागतो, तू झालीस तर बरंच की." झालं, दोन नंबरला व्हेटर्नरी.

शेवटचं होतं रिपीटचं. त्यावर असं ठरलं की एक वर्ष रिपीट करता येईल, पैशाची तजवीज आहे, पण तिनं स्वतः मागितलं तर. आम्ही सुचवायचं नाही. आणि निकालानंतरचे आठ दिवस त्यावर कुणीही काही ठरवायचं नाही, तीसुद्धा नाही.

ती वही ह्यांनी तिलाच दिली. तिनं ती लातूरला आणली, कपाटात खाली ठेवली, आणि माझ्या बघण्यात तरी परत उघडली नाही. पण ती आधी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पुस्तक उघडं ठेवून नुसती बसायची ना, ते कमी झालं. झोपायला लागली. सकाळी उठताना चिडचिड कमी. मी डॉक्टर नाही, पण सोळा-सतरा वर्षांच्या लेकराला आठ तास तरी झोप लागते हे सगळेच सांगतात आणि ट्युशन एरियात ते कुणी पाळत नाही, तिथं पोरं एकमेकांच्या खिडकीतला लाईट बघून जागतात. समोरच्या खिडकीत लाईट चालू आहे म्हणजे आपणही बसायचं. आमच्या खोलीला समोर खिडकी नव्हती, भिंत होती, हे मला पुढं पुढं मोठं भाग्य वाटायला लागलं.

रविवारची टेस्ट. हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायची गरज नाही. नीटचा पेपर दुपारी 2 ला सुरू होतो म्हणून टेस्टही त्याच वेळेला, आणि ते बरोबरच आहे, कारण दुपारी जेवण झाल्यावर डोळे मिटायची वेळ तीच, त्या वेळेला डोकं जागं ठेवायची शरीराला सवयच लावावी लागते. मी रविवारी जेवण साडेअकरालाच द्यायचे, आणि हलकं, मुगाची खिचडी नाहीतर दहीभात आणि पोळी. बाकी दिवशी काहीही, रविवारी हेच. एक सांगते, परीक्षेच्या दिवशी नवीन काही खायला घालू नका, कुणी बदाम सांगेल कुणी ग्लुकोज सांगेल, वर्षभर रविवारी जे खाल्लं तेच.

टेस्टचे मार्क क्लासवाले पालकांच्या फोनवर पाठवतात, बॅचमधल्या रँकसकट. तो मेसेज आम्ही ह्यांच्या नंबरवर ठेवला होता, माझ्या नाही. म्हणजे ती खोलीवर यायची तेव्हा मला खरंच माहीत नसायचं किती पडले, आणि तिला माहीत होतं की मम्मीला माहीत नाही. ह्यांना सांगून ठेवलं होतं की रविवारी रात्री फोन केला तरी दुकानाचं बोला, धाकट्याचं बोला, म्हशीचं बोला. ती स्वतः सांगायची कधी सोमवारी, कधी बुधवारी. कधी नाहीच. आणि जेव्हा सांगायची तेव्हा नुसता आकडा सांगायची नाही, सांगायची की "बारा प्रश्न येत होते तरी चुकले." ह्याला महत्त्व आहे. एक बरोबर म्हणजे चार, एक चूक म्हणजे वजा एक, म्हणजे येत असलेला प्रश्न चुकला की पाच मार्कांचा फरक. बारा प्रश्न म्हणजे साठ मार्क, तेही नवीन काही न शिकता. तिनं त्यासाठी वेगळी वही केली होती, त्यात फक्त येत असून चुकलेले प्रश्न आणि का चुकला ते एका ओळीत: युनिट बघितलं नाही, "not correct" वाचलं नाही, गोल भरताना एक ओळ खाली गेला. आकड्याची चर्चा करण्यापेक्षा त्या वहीची चर्चा बरी, पण तीही पोरीनं काढली तरच.

आणि बायोलॉजी. 180 पैकी 90 प्रश्न बायोलॉजीचे, म्हणजे 360 मार्क, निम्मा पेपर, आणि बहुतेक सगळा एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या पुस्तकांतल्या ओळींवर. आम्ही राज्य बोर्डाचे, आमची पुस्तकं वेगळी, म्हणजे दोन्ही करा. मी बीए झालेय मराठी घेऊन, मला त्यातलं काही समजत नव्हतं, पण ओळ वाचून मधला एक शब्द गाळायचा आणि तिनं तो सांगायचा, एवढं जमत होतं. रात्री जेवणानंतर अर्धा तास. हे तिनं मागितलं म्हणून केलं. शेजारच्या खोलीतल्या ताई स्वतः यूट्यूबवर फिजिक्स बघून मुलाला शिकवायच्या, त्यांच्या जिद्दीचं मला कौतुक आहे, पण त्या मुलाला आई कुठं उरली नव्हती, सकाळी सर, दुपारी सर, रात्री खोलीवर पण सरच.

त्याच मजल्यावर हिंगोलीकडच्या एक बाई होत्या. त्यांचा मुलगा हुशार, दहावीला चांगले मार्क, आणि बारावीच्या ऑक्टोबरपासून बोलेनासा झाला. जेवण कमी, अंघोळ टाळायची, पांघरूण घेऊन भिंतीकडं तोंड करून पडायचं. बाकीच्या बायका म्हणायल्या, अभ्यासाचा कंटाळा आलाय, दृष्ट काढा. त्या बाईंनी दृष्ट काढली आणि दुसऱ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडंही घेऊन गेल्या, कुणाला न विचारता, न लाजता. औषध सुरू झालं, डिसेंबरात त्या खोली सोडून त्याला घेऊन गावी गेल्या. मुलानं घरूनच बारावी दिली आणि सीईटी दिली, आता फार्मसीला आहे आणि बरा आहे. मला त्या बाईंचा फार आदर वाटतो. तेवढा खर्च केलेला असताना, सगळे नातेवाईक विचारत असताना, मधेच सामान भरून परत जाणं सोपं नाही. कुणाच्या घरी असं काही दिसत असेल, झोप गेलीय, बोलणं बंद झालंय, "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही तोंडून निघतंय, तर वाट बघू नका. डॉक्टरकडं जायला जीव कचरत असेल तर सरकारची टेली मानस म्हणून फोनसेवा आहे, 14416, फुकट आहे, मराठीतही बोलतात. हा नंबर फ्रिजवर लावून ठेवावा असा आहे, गॅसच्या नंबरशेजारी.

आता कागदपत्रं, कारण हे काम खरं आई-बापाचं आहे आणि इथं लेकराचा एक तासही जाता कामा नये. डोमिसाईल, नॉन क्रिमिलेयर, जात प्रमाणपत्र, आणि सगळ्यात अवघड म्हणजे जात वैधता, म्हणजे व्हॅलिडिटी. व्हॅलिडिटी निकालानंतर काढू म्हणणारे लोक मी रडताना बघितलेत. अकरावी-बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत अर्ज करता येतो, तेव्हाच करा. ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेचा प्रवेश निर्गम उतारा. आमच्या सासऱ्यांचं नाव ज्या शाळेत घातलं होतं तिथली जुनी रजिस्टरं एका लोखंडी पेटीत होती, मुख्याध्यापकांनी स्वतः बसून शोधून दिलं, नाव सापडलं पण आडनावात एक अक्षर वेगळं. मग त्याचं प्रतिज्ञापत्र, वंशावळ, परत चकरा. हे सगळं ह्यांनी दुकान सांभाळून केलं, आणि लेकीला एवढंच कळलं की एक दिवस पप्पांनी फोटो पाठवला, व्हॅलिडिटी आली म्हणून. घरात कुणाची, वडिलांची, काकाची, आत्याची आधीची वैधता असेल तर काम पुष्कळ सोपं होतं, ते आधी विचारा. आणि आधार, दहावीची सनद, नीटचा फॉर्म, तिन्हीवर नाव सारखं आहे का बघा.

2025 च्या जानेवारीत आणखी एक झालं. कोविडपासून नीटला 200 प्रश्न असायचे, त्यातले 180 सोडवायचे, वेळ 3 तास 20 मिनिटं. नीट घेणाऱ्या एनटीएनं सांगितलं की आता ऐच्छिक प्रश्न नाहीत, 180 च प्रश्न, 3 तास. तीन-साडेतीन महिने राहिलेले. पोरांनी दीड वर्ष जुन्या पद्धतीनं टेस्ट दिलेल्या. त्या आठवड्यात खोल्यांमधलं वातावरण असं होतं की बोलायची सोय नव्हती. मग फेब्रुवारीत बारावीची बोर्डाची परीक्षा, एप्रिलमध्ये सीईटीचा पीसीबी म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी ग्रुप, आणि 4 मेला नीट. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, नीटला आहे, म्हणजे एप्रिलमध्ये सगळ्याच प्रश्नांना उत्तर ठोकायची सवय लागते आणि मेमध्ये तीच सवय नडते. हे तिच्या सरांनी सांगितलं होतं आणि मला ते फार पटलं.

4 मे रविवार होता. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. दीड वाजता गेट बंद होतं म्हणून आम्ही साडेअकरालाच पोचलो. अर्ध्या बाह्यांचा कुर्ता, साधी चप्पल, कानातलं आधीच काढून ठेवलेलं, पारदर्शक बाटली, ॲडमिट कार्ड, फोटो, आधार. पेन आतच देतात. गेटपाशी एका मुलीच्या केसातल्या क्लिपा काढायला लावल्या तर ती रडायलाच लागली, तिची आई लांब दोरीच्या पलीकडं, तर शेजारच्या कुणा दुसऱ्याच मुलीनं तिचे केस रबरानं बांधून दिले. मला ती मुलगी फार आवडली, तिला कुठंही नंबर लागो.

पाच वाजता पोरं बाहेर यायला लागली आणि सगळ्यांचे चेहरे उतरलेले. फिजिक्स. त्या वर्षीचं फिजिक्स एवढं अवघड आणि लांब होतं की वर्षभर टेस्टला पहिली येणारी पोरंही गेटबाहेर खाली बसून रडत होती. आमची आली, म्हणाली, "फिजिक्स गेलं मम्मी," आणि मग म्हणाली, "पाणी दे." क्लासच्या टेस्टला तिला सहाशेच्या आसपास पडायचे. घरी येऊन तिनं उत्तरं जुळवली नाहीत, आम्ही कुणी जुळव म्हणालो नाही. दुसऱ्याच दिवशी, 5 मेला दुपारी बारावीचा निकाल होता, बोर्डाला 84 टक्के आले, पेढे आणले, खाल्ले पण लक्ष कुणाचंच नव्हतं.

14 जूनपर्यंतचे दिवस मला त्या दोन वर्षांतले सगळ्यात जड गेले. अभ्यास नाही, निकाल नाही, आणि यूट्यूबवर रोज कुणीतरी सांगतंय इतक्या मार्काला इतका रँक. जुन्या वर्षाच्या कटऑफवरून सगळे हिशेब लावत होते आणि त्या हिशेबानं लातूरमधलं कुणीच डॉक्टर होणार नव्हतं. निकाल लागला तेव्हा देशात पहिल्या आलेल्या मुलाला 686. आदल्या वर्षी 720 वाल्यांची रांग होती, आणि ह्या वर्षी पहिल्याला 686! ओपनची पात्रतेची रेषा 162 वरून 144 वर आली. म्हणजे मार्क सगळ्यांचेच खाली आले आणि रँकमध्ये माणूस होता तिथंच जवळपास राहिला. ज्या पोरांना त्यांच्या घरच्यांनी मे महिनाभर घालूनपाडून बोललं, त्यातल्या कितीतरी पोरांना चांगली कॉलेजं मिळाली. ते महिनाभराचं बोलणं आता कोण परत घेणार?

आमच्या लेकीला साडेचारशेच्या आसपास पडले. सरकारी एमबीबीएस नाही, हे त्याच संध्याकाळी दिसलं. ह्यांनी फोन केला, मी स्पीकरवर टाकला, ते म्हणाले, "वही तुझ्याजवळच आहे ना?" ती म्हणाली, "आहे." "मग आठ दिवस थांब, जेव, झोप." एवढंच. ती रडली, मी जवळ बसले, मीही रडले, ठरवलेलं होतं म्हणून दुःख होत नाही असं नाही. फक्त त्या दुःखात भीती नव्हती. पुढं काय ह्याची भीती नव्हती, आम्ही काय म्हणू ह्याची नव्हती. ती जेवली त्या रात्री. शेजारच्या खोलीत त्या रात्री कुणी जेवलं नाही.

आठ दिवसांनी तिनंच सांगितलं, रिपीट नको, व्हेटर्नरीचा फॉर्म भरायचा. इथं एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा, पशुवैद्यकीयचा प्रवेश नीटच्या मार्कांवरच होतो पण एमबीबीएस-बीएएमएसच्या फॉर्ममध्ये तो येत नाही, नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा फॉर्म वेगळा भरावा लागतो. आमच्या मजल्यावरच्या कितीतरी जणींना हे माहीतच नव्हतं. सरकारी कॉलेजं नागपूर, मुंबई, परभणी, उदगीर, शिरवळ वगैरे ठिकाणी. आम्हाला परभणी घराजवळ म्हणून पाहिजे होतं, लागलं उदगीर. साडेपाच वर्षांचा कोर्स, इंटर्नशिप धरून.

काही नातेवाईक म्हणाले, एवढा खर्च करून जनावरांचा डॉक्टर? सासूबाईंनीच उत्तर दिलं, ते इथं लिहीत नाही.

पहिल्या वर्षाला ॲनाटॉमी आहे, हाडांची नावं पाठ करते फोनवर, आता मला गाळलेल्या जागा घालता येत नाहीत. होस्टेलवर तिच्या खोलीत ज्या दोघी आहेत त्यातली एक रिपीट करून आलेली आहे आणि तिचं तिला अजिबात वाईट वाटत नाही, कारण तिनं स्वतः मागितलं होतं. रिपीट वाईट नाही. दुसऱ्यानं लादलेलं रिपीट वाईट.

परवा आमच्याच गल्लीतल्या एका बाईंचा फोन आला होता, त्यांचा मुलगा सध्या लातूरला बारावीत आहे. एक तास बोलल्या. मुलगा काहीच सांगत नाही म्हणाल्या, मार्क विचारले की दार लावून घेतो, पुढं काय करायचं कळत नाही. मी म्हणाले, मार्क विचारू नका, संक्रांतीला घरी येईल तेव्हा दोघं नवरा-बायको बसा त्याच्याजवळ आणि नाही झालं तर काय काय करता येईल ते मांडा, पैशासकट मांडा, आणि त्याला काय लिहायचंय ते त्याला लिहू द्या. त्या म्हणाल्या, "आत्ताच कसं बोलावं बाई अशुभ?" मी म्हणाले, अशुभ काही नाही, तुम्ही बोलत नाही म्हणून ते त्याच्या डोक्यात नाही असं थोडंच आहे. मग त्या गप्प बसल्या थोडा वेळ, आणि म्हणाल्या, ह्यांना विचारून बघते. मी म्हणाले, बघा, आणि त्याचं नॉन क्रिमिलेयर कधीपर्यंत आहे तेही बघा, 31 मार्चला संपत असेल तर आत्ताच नवीन टाका, एप्रिलमध्ये दाखल्यांच्या सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते.